आधी करंट बांधा

श्रोतेहो, ‘शॉर्ट झालं’ हे दोन शब्द आता मराठीच झाले आहेत. दिवे गेले, मिक्सर फिरेना, मोबाइल चार्जिंग घेईना, की घरातलं कोणी तरी जाणकाराच्या आवाजात म्हणतं, ‘शॉर्ट झालं असेल.’ बाकीचे माना डोलावतात. एवढं निदान झालं की आपलं काम संपतं. वस्तू दुकानात जाते. तिथून ती एक तर दुरुस्त होऊन येते, नाही तर ‘बोर्ड गेला’ असा निरोप येतो. पण शॉर्ट झालं म्हणजे नेमकं कुठं झालं, हे शोधतात कसं? शेकडो भाग बोटभर जागेत दाटीवाटीनं बसलेले असतात. त्यातला बिघडलेला एकच कण माणूस हुडकून काढतो, तो कसा? आज मला त्या शोधाविषयी बोलायचं आहे आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका साध्या यंत्राविषयी. प्रयोगशाळेत त्याला ‘बेंच पॉवर सप्लाय’ म्हणतात. दुरुस्तीच्या बाजारात त्याचं नाव ‘डीसी मशीन’.

कविता लिहिणाऱ्या माणसाला हा विषय कुठून सुचला, असं काहींना वाटेल. उत्तर सोपं आहे. माझ्या एका मित्राचं मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझा संध्याकाळचा चहा बरीच वर्षं तिथंच होतो. बी.ए.च्या अभ्यासक्रमात विजेचे नियम नव्हते. ते मला त्या दुकानातल्या बाकावर भेटले. तिथं काम शिकणारी पोरं माझ्या मित्राला ‘उस्ताद’ म्हणतात. मीही इथं त्याला उस्तादच म्हणतो.

आधी शॉर्ट म्हणजे काय ते पाहू. वीज बॅटरीच्या एका टोकाकडून निघते आणि काहीतरी काम करून दुसऱ्या टोकाला परत येते. त्या कामातच तिला अडथळा होतो. दिव्याची तार, मोटारीचं वेटोळं, मोबाइलमधली चिप हे सगळे वाटेतले अडथळेच. या अडथळ्यामुळं वीज किती वाहायची ते ठरतं. हा हिशेब जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकानं १८२७ साली आपल्या पुस्तकात मांडला. ओहमचे वडील कुलपं बनवणारे कारागीर होते आणि मुलाला गणिताची गोडी त्यांनीच लावली होती. त्याचा नियम असा : व्होल्टेजला अडथळ्यानं भागलं की करंट मिळतो. दाब ४ व्होल्ट आणि अडथळा ४ ओहम असेल, तर करंट १ अँपियर.

आता समजा, वाटेत कुठं तरी दोन तारा चिकटल्या. वीज काम न करताच परत फिरली. ही आडवाट, म्हणून तिचं नाव शॉर्ट सर्किट. इथं अडथळा उरला फक्त एक दशांश ओहम. त्याच ४ व्होल्टना त्यानं भागा. कागदावर उत्तर येतं ४० अँपियर. प्रत्यक्षात बॅटरीचा आणि तारांचा स्वतःचा थोडा अडथळा असतो, त्यामुळं एवढा करंट वाहत नाही. पण जो वाहतो तोही तांब्याची नाजूक रेघ जाळायला पुरतो. म्हणून फोनमधलं संरक्षण पुरवठा तोडून टाकतं आणि फोन मेल्यासारखा गप्प होतो.

इथंच शोधाची खरी अडचण आहे. वीज दिली नाही, तर बिघाड काहीच बोलत नाही. मेलेला बोर्ड वरून अगदी शाबूत दिसतो. आणि पूर्ण वीज दिली, तर बिघाडाबरोबर त्याच्या आजूबाजूचं चांगलंही जळतं. बिघाडाला बोलतं तर करायचं, पण आग लागू द्यायची नाही. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे मोजून दिलेली वीज.

ही वाट आपल्याकडच्या जुन्या रेडिओ मेकॅनिकांना चांगली ठाऊक होती. त्यांच्या टेबलावर एक लाकडी पाटी असायची. तिच्यावर होल्डर, होल्डरमध्ये शंभर वॅटचा बल्ब आणि बाजूला एक सॉकेट. याला ‘सिरीज बोर्ड’ म्हणत. दुरुस्तीला आलेला रेडिओ किंवा टीव्ही थेट भिंतीतल्या सॉकेटला न लावता या बल्बच्या पाठीमागं लावायचा. म्हणजे सगळी वीज आधी बल्बमधून जाणार, मग वस्तूत. वस्तूत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पण फ्यूज जात नाही आणि धूरही निघत नाही. वस्तू ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. २३० व्होल्टवर शंभर वॅटचा बल्ब जास्तीत जास्त अर्ध्या अँपियरच्या आतच वीज जाऊ देतो. त्याची तार तापली की तिचा अडथळा वाढतो, गार झाली की कमी होतो. गरजेप्रमाणं तो आपोआप आवळतो आणि सैल सोडतो. काही रुपयांच्या बल्बनं केवढं शहाणपणाचं काम केलं पाहा! आताचे एलईडी दिवे मात्र या कामाला चालत नाहीत. त्यांच्यात तापणारी तार नसते. म्हणून जुने मेकॅनिक अजून पिवळे बल्ब जपून ठेवतात.

डीसी मशीन हे त्याच बल्बचं शिकलेलं भावंडं म्हणा. टेबलावर मावेल एवढा डबा. भिंतीतले २३० व्होल्ट आत घ्यायचे आणि बाहेर हवे तेवढे थोडे व्होल्ट द्यायचे. बाजारात नेहमी दिसणारं मोठं मशीन ३० व्होल्ट आणि ५ अँपियरपर्यंत जातं. मोबाइलवाले बहुतेक त्याहून लहान वापरतात. त्याच्या तोंडावर आकडे दाखवणाऱ्या दोन खिडक्या आणि मुख्य दोन कान असतात. एका कानानं व्होल्टेज ठरवायचं, दुसऱ्यानं करंटची मर्यादा. सगळी करामत या दुसऱ्या कानात आहे. समजा, तुम्ही ४ व्होल्ट आणि १ अँपियर असं ठरवलं. पुढं जोडलेली वस्तू ठीक असेल, तर मशीन ४ व्होल्ट कायम ठेवतं आणि वस्तू हवा तेवढाच करंट घेते. पण पुढं शॉर्ट असेल, तर मशीन १ अँपियरच्या वर जात नाही. ते व्होल्टेजच खाली आणतं. खिडकीतले ४ व्होल्ट घसरून शून्याच्या जवळ येतात आणि ‘सीसी’ नावाचा छोटा दिवा लागतो. त्याचा अर्थ, करंट स्थिर ठेवला आहे. पोरं ओरडतात, ‘उस्ताद, फुल शॉर्ट!’

याच मशीननं चालत्या फोनची नाडीही बघतात. बॅटरी काढून तिच्या जागी मशीनच्या तारा जोडायच्या. बटण दाबण्याआधी करंटचा आकडा शून्य हवा. न दाबताच आकडा हलला, तर कुठं तरी गळती आहे. बटण दाबल्यावर आकडा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. फोन जागा होण्याचा एकेक टप्पा त्यात दिसतो. अनुभवी कारागीर त्या चढउतारावरून सांगतो, की गाडी कुठल्या स्टेशनात अडकली आहे.

आता बोर्डाकडे येऊ. बोर्डावरचा शॉर्ट बहुतेक वेळा कुठं असतो? मोठ्या, महागड्या चिपमध्येच असेल असं आपल्याला वाटतं. तसं होतंही. पण कितीदा तरी दोषी निघतो तो कपॅसिटर नावाचा चिमुकला कण. सिरॅमिकचे आणि धातूचे कागदासारखे पातळ थर एकावर एक रचून तो बनवलेला असतो. त्याचं काम गावातल्या पाण्याच्या टाकीसारखं. वीज थोडी साठवायची आणि मागणी वाढली की लगेच द्यायची. प्रत्येक चिपच्या भोवती असे कितीतरी कण पेरलेले असतात. एका चांगल्या स्मार्टफोनमध्ये त्यांची संख्या शेकड्यांत असते, महागड्या फोनमध्ये हजाराच्या आसपास. यातला एक कण म्हणजे ०.६ मिलिमीटर लांब आणि ०.३ मिलिमीटर रुंद. तांदळाच्या कणीहूनही बारीक. फोन आपटला, बोर्ड वाकला, ओल शिरली, की या सिरॅमिकला न दिसणारा तडा जातो. धातूचे थर एकमेकांना भिडतात. झाला शॉर्ट! काही पैशांच्या कणापायी हजारोंचा फोन मुका होतो.

तुम्ही म्हणाल, मीटर लावा आणि बघा. मीटर लावतातच. पण मीटर अर्धंच उत्तर देतो. हे सगळे कण एकाच लाईनवर शेजारी शेजारी जोडलेले असतात. एक टोक त्या लाईनला, दुसरं ग्राउंडला. त्यामुळं एक शॉर्ट झाला की सगळेच शॉर्ट दिसतात. तुम्ही कुठल्याही कणावर मीटरची टोकं ठेवा, ते ‘बीप’ करतंच. वर्गात एकानं शिट्टी वाजवली आणि सगळ्यांनी तोंडं मिटून घेतली, तसला प्रकार. मीटर वर्ग दाखवतं, पोरगा दाखवत नाही.

तो पोरगा कसा सापडतो, ते मी एका प्रसंगातून सांगतो. लग्नसराईचे दिवस होते. ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई दुकानात आल्या. फोन ओट्यावरून पडला होता आणि बंद झाला होता. कंपनीच्या केंद्रात त्या जाऊन आल्या होत्या. तिथं सांगण्यात आलं, की बोर्ड बदलावा लागेल, खर्च जवळपास नव्या फोनाएवढा आणि आतलं काही परत मिळणार नाही. ताई म्हणाल्या, ‘भाऊ, फोन गेला तरी चालंल. पण गिऱ्हाइकांची मापं त्यात आहेत. वहीची पानं फाटायला लागली म्हणून मी सगळ्यांचे फोटो काढून ठेवले होते. उधारीही त्यातच लिहिली आहे.’ आजच्या फोनमधली माहिती कुलूपबंद असते आणि तिची किल्ली त्याच बोर्डावरच्या चिपमध्ये असते. बोर्ड बदलला की किल्ली गेली. म्हणजे ताईंच्या मापांना एकच वाट होती. तोच बोर्ड पुन्हा जिवंत व्हायला हवा होता.

उस्तादनं बोर्ड बाहेर काढला, बॅटरी दूर ठेवली आणि काम शिकणाऱ्या पोराला जवळ बसवलं. पोरानं मीटर लावलं. बॅटरीच्या मुख्य लाईनवर ग्राउंडशी अडथळा, मीटरच्या तारांचा वजा जाता, जेमतेम एक दशांश ओहम. पोरगं लगेच मशीनचं व्होल्टेज वाढवायला गेलं. उस्तादनं त्याचा हात धरला. म्हणाला, ‘आधी करंट बांध, बेटा. मग व्होल्टेज दे.’

त्यानं मशीनच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून मर्यादा अर्ध्या अँपियरवर ठेवली. व्होल्टेज शून्यावर आणलं. काळी तार बोर्डाच्या ग्राउंडला, लाल तार शॉर्ट लाईनला. जोडणी पक्की झाल्यावरच व्होल्टेज हळूहळू एका व्होल्टकडे नेलं. तारा आधी जोडायच्या आणि व्होल्टेज नंतर वाढवायचं, यालाही कारण आहे. मशीनच्या तोंडाशी स्वतःचा एक कपॅसिटर असतो. व्होल्टेज चढवून ठेवलेली तार एकदम टेकवली, तर त्यात साठलेली वीज मर्यादेला न जुमानता क्षणात बाहेर पडते.

आणि एकच व्होल्ट का, जर ती लाईन एरवी ४ व्होल्टवर चालते? याचं उत्तर मला फार आवडलं. शॉर्ट आहे तोवर मशीन व्होल्टेज वर जाऊच देत नाही. पण तापता तापता तो कण जळून मोकळा झाला, तर? शॉर्ट गेला, आणि मशीन एका क्षणात तुम्ही ठरवलेल्या व्होल्टेजवर उडी मारतं. ते व्होल्टेज लाईनच्या नेहमीच्या मापापेक्षा जास्त असेल, तर तिच्यावरची प्रत्येक चिप मरते. प्रोसेसरच्या मुख्य लाईनला तर साधारण एक व्होल्ट किंवा त्याहूनही कमी लागतं. तिथं कोणी ४ व्होल्ट दिले, तर शॉर्ट सापडेल आणि फोन कायमचा जाईल. म्हणून व्होल्टेज नेहमी लाईनच्या मापाच्या खाली. आणि व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आत ठेवलं, तर आणखी एक फायदा. सिलिकॉनच्या बहुतेक चिपा एवढ्या कमी दाबाला जाग्याच होत नाहीत. सगळे झोपलेले असतात, करंट घेत असतो तो एकटा बिघाड.

मग पोरानं बोर्डावर राळेचा धूर सोडला. सोल्डरिंगमध्ये वापरतात तीच राळ. तापवली की तिचा धूर निघतो आणि गार बोर्डावर पांढऱ्या भुकटीसारखा बसतो. थंडीत काचेवर दव बसतं तसा. अर्ध्या अँपियरला काही घडलं नाही. एकाला काही नाही. उस्तादनं मर्यादा दोन अँपियरवर नेली. तीन-चार सेकंद गेले आणि पांढऱ्या थरात एक काळा ठिपका उमटला. पॉवरच्या चिपशेजारचा एक कण तापला होता आणि त्याच्यावरची राळ वितळून पारदर्शक झाली होती. बाकी सारा बोर्ड पांढराशुभ्र.

हे का घडलं, त्याचा नियम मँचेस्टरजवळच्या एका दारूभट्टीवाल्याच्या मुलानं, जेम्स जूलनं, १८४० च्या सुमारास शोधला. तारेतून वीज वाहताना जी उष्णता निघते, ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट दुप्पट केला की उष्णता चौपट. एक दशांश ओहममधून एक अँपियर गेला, तर एक दशांश वॅट उष्णता. दोन अँपियर गेले, तर चार दशांश. आपल्याला हे काहीच वाटत नाही. पण कणीएवढ्या वस्तूला चार दशांश वॅट म्हणजे भर दुपारचा उन्हाळा. आणि त्याच वेळी कणावरचं व्होल्टेज किती? फक्त दोन दशांश. शेजाऱ्यांना त्याची चाहूलही लागत नाही.

राळ हा एकच उपाय नाही. कोणी बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरतं. जिथं ते आधी उडतं तिथं बिघाड. कोणी दुकानातल्या पावतीचा कागद टेकवतं. तो उष्णतेनं काळा पडणारा कागद असतो, तापलेल्या जागेवर डाग उमटतो. पैसे असतील तर उष्णता दाखवणारा कॅमेरा आहे. पूर्वी तो प्रयोगशाळांपुरता होता, आता मोबाइलला लावता येणारेही मिळतात. साधन कुठलंही घ्या, तत्त्व एकच. वीज बेतानं द्यायची आणि बिघाडालाच स्वतःची जागा सांगू द्यायची. मात्र राळेचा धूर छातीत जाणं वाईट आणि अल्कोहोल पेट घेतं. खिडकी उघडी हवी, जवळ ज्योत नको.

उस्तादनं गरम हवेच्या मशीननं तो कण सोडवला आणि चिमट्यानं उचलला. मीटरचं बीप थांबलं. भंगारातल्या बोर्डावरून तशाच मापाचा कण काढून तिथं बसवला. बॅटरी जोडली, फोन थरथरला, पडदा उजळला. ताईंनी आधी फोटो उघडले. मापं होती.

पण प्रत्येक शॉर्ट असा तापून सापडत नाही. काही वेळा शॉर्ट इतका घट्ट असतो, की अडथळा ओहमच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. मग दोन अँपियर दिले तरी बिघाडाआधी मशीनच्या तारा तापतात. अशा वेळी कच्चा माणूस करंट वाढवत सुटतो. पक्का माणूस करंट तेवढाच ठेवतो आणि मीटर मिलिव्होल्टवर लावून उतार मोजतो.

हे समजायला नगरपालिकेची पाइपलाइन आठवा. पहाटे सगळ्यांचे नळ बंद आहेत, पण जमिनीखाली एका जागी गळती आहे. तुम्ही ठिकठिकाणी पाण्याचा दाब मोजत निघालात, तर काय दिसेल? टाकीपाशी दाब जास्त. गळतीच्या दिशेनं जाल तसा तो घटत जाईल. आणि ज्या गल्ल्यांत गळती नाही, तिथं पाणी वाहतच नाही. म्हणून त्या गल्लीच्या टोकाला तेवढाच दाब मिळेल जेवढा तिच्या तोंडाशी आहे. बोर्डावरही हेच. वीज फक्त शॉर्टच्या दिशेनं वाहते, म्हणून उतारही फक्त त्याच वाटेवर. मीटरचं एक टोक ग्राउंडवर ठेवायचं, दुसरं लाईनवरच्या एकेका कणाला लावत जायचं. इथं २० मिलिव्होल्ट, पुढं १४, पुढं ९. जिथं आकडा सगळ्यात खाली येतो तिथं थांबायचं. गळती तिथंच. फरक इतके बारीक असतात, की करंट देणाऱ्या तारांवरच मोजलं तर त्या तारांचाच अडथळा मोजला जातो. म्हणून देणाऱ्या तारा वेगळ्या आणि मोजणाऱ्या वेगळ्या.

दुसरी एक घाईची रीत बाजारात आहे, तीही सांगायला हवी. मशीन पाच अँपियरवर टाकायचं आणि बिघाड जळून जाऊ द्यायचा. धूर निघाला, शॉर्ट गेला, काम फत्ते! कधी कधी साधतंही. पण फोनच्या बोर्डात तांब्याचे आठ-दहा थर एकमेकांवर दाबलेले असतात. बिघाडाऐवजी आतलीच रेघ जळाली, तर वरून काही दिसत नाही आणि दुरुस्तीही उरत नाही. शिवाय जळलेल्या जागेचा कोळसा होतो आणि कोळशातून वीज वाहते. शॉर्ट घालवायला गेलेला माणूस नवा शॉर्ट करून बसतो.

उलट बाजूचीही एक सावधगिरी आहे. मीटरनं बीप केलं म्हणजे शॉर्टच असतो, असं नाही. लॅपटॉपच्या प्रोसेसरची मुख्य लाईन धडधाकट असतानाही एखाद्या ओहमचाच अडथळा दाखवू शकते. तिची घडणच तशी. म्हणून उस्ताद तसाच एक चांगला बोर्ड शेजारी ठेवतो आणि दोन्हींची तुलना करतो. निरोगी कसं दिसतं हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं रोगी ठरवू नये.

श्रोतेहो, हे सारं एवढ्या तपशिलानं सांगण्याचं कारण एका दुकानापुरतं नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ मधला अहवाल सांगतो. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद असलेला भाग होता २२.३ टक्के. बाकीच्या ढिगाऱ्यात एका कणापायी बाद झालेले बोर्ड किती असतील? आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केलं. युरोपीय संघानं २०२४ साली याच हक्काचा निर्देश संमत केला. ही चांगली पावलं आहेत. पण हक्क कागदावर आला तरी शॉर्ट शोधणारा हात लागतोच. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली आणि गावोगावच्या एसटी स्टँडसमोरची दुकानं, इथं ते हात आहेत. त्यांना हवा असतो बोर्डाचा नकाशा. कुठली लाईन कुठून कुठं जाते आणि तिचं व्होल्टेज किती, हे सांगणारा. बहुतेक कंपन्या तो बाहेरच्यांना देत नाहीत. नकाशा नसेल तर माप कळत नाही, आणि माप न कळता दिलेली वीज म्हणजे अंधारात मारलेला दगड.

त्या बाकावर बसून मला एक गोष्ट पटली. ‘सगळा बोर्डच खराब आहे’ हे पुष्कळदा निदान नसतं, तो शोधण्याचा कंटाळा असतो. मी ज्या मोहल्ल्यात वाढलो त्याच्याविषयी ‘ती वस्तीच तशी’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. ते बोलणाऱ्यालाही शोधायचा कंटाळाच असायचा. खोट असते, नाही असं नाही. पण ती एका जागी असते, आणि ती जागा सापडते.

शेवटी, ऐकणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. फोन पडून किंवा भिजून बंद झाला, तर ‘बघू तरी’ म्हणून पुन्हा पुन्हा चार्जरला लावू नका. आतला शॉर्ट प्रत्येक वेळी थोडं अधिक जाळतो. बॅटरी फुगली असेल, तर तिला टोचू किंवा दाबू नका, सरळ कारागिराकडे द्या. भिंतीच्या विजेवर चालणारी वस्तू, टीव्ही म्हणा किंवा चार्जर, घरी उघडू नका. २३० व्होल्टचे आत गेल्यावर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट होतात आणि पिन काढल्यावरही ते काही काळ कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. आज सांगितलेली रीत बॅटरीवरच्या बोर्डासाठी आहे, भिंतीच्या विजेसाठी नाही. आणि जे फोटो, जे हिशेब गमावणं परवडणार नाही, त्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवा. ताईंनी आता मापांची वही पुन्हा सुरू केली आहे, फोटोही काढतात.

एवढं करूनही ‘बोर्ड गेला’ हा निरोप आला, तर रागावू नका, फक्त एक प्रश्न विचारा : ‘कुठली लाईन शॉर्ट आहे?’ ज्यानं करंट बांधून, व्होल्टेज मोजून, धीरानं पाहिलं असेल, त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर असेल. नसेल, तर बोर्ड अजून गेलेला नाही असं समजा आणि दुसरं दुकान गाठा.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)